सर्जा, राजा आणि डाकोटा

वीकएण्डला मॉल आणि मल्टिप्लेक्सचा कंटाळा आलाय? मग एक दिवस दिवे घाट चढून सासवडच्या पुढच्या माळावर या. तिथे सध्या एकच वाद रंगलाय : विमानाला दोन इंजिनं लावायची, तर कुठली?

रविवारी पहाटे पाचला उठणारी माणसं पुण्यात दोनच प्रकारची. एक ट्रेकवाले आणि दुसरे आम्ही. ट्रेकवाल्यांचं बरं असतं. ‘सिंहगडला चाललोय’ म्हटलं की घरच्यांना पिठलं-भाकरी आठवते आणि विषय संपतो. आमचं तसं नाही. तिशीला टेकलेल्या मुलीनं ‘विमान उडवायला चाललेय’ म्हटलं की आईच्या कपाळावर तीन आठ्या आणि शेजारच्या काकूंच्या चेहऱ्यावर ‘स्थळं बघताय ना?’ हा प्रश्न. असो. तर आम्ही म्हणजे रेडिओ कंट्रोलवर मॉडेल विमानं उडवणारी मंडळी. आठवडाभर खराडी, मगरपट्टा, हिंजवडीत कीबोर्ड बडवायचा आणि रविवारी गाडीच्या मागच्या सीटवर विमानाचा पंख आडवा टाकून सासवडचा रस्ता धरायचा.

हडपसर सुटलं की भेकराईनगर, वडकी करत दिवे घाट लागतो. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून मागे बघा. खाली मस्तानी तलाव आणि त्याच्या पलीकडे पुण्याचा धुरकट पसारा. वारीच्या दिवसांत ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढते, तेव्हा इथे मुंगी शिरायला जागा नसते. एरवी रविवारी सहा वाजता दुधाच्या गाड्या, दोन-चार सायकलवाले आणि आम्ही. सासवडला चहा मस्ट. सीझन असेल तर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या, नाहीतर अंजिरं. उजव्या हाताला पुरंदर आणि वज्रगड धुक्यातून डोकं वर काढत असतात. मग एका कच्च्या रस्त्याला वळायचं, दगड चुकवत दहा मिनिटं, आणि आलाच माळ. मुरमाची टणक जमीन, मधे आम्ही झाडून काढलेली शंभरेक मीटरची पट्टी, कडेला एक बाभूळ. बाभळीखाली चादर अंथरली की झाला आमचा हँगर.

नेमका पत्ता देत नाही, सॉरी. जमीन एका शेतकरी दादांची आहे आणि त्यांनी ‘दहाच्या वर माणसं नकोत’ असं बजावलंय. इतक्या लांब यायचं कारणही सांगते. पुण्यात एकीकडे लोहगाव, दुसरीकडे एनडीए. २०२१च्या ड्रोन नियमांत आमची विमानंही येतात. पंचवीस किलोच्या आतलं विमान, ते सतत नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, आणि सरकारी नकाशात लाल-पिवळे भाग कुठले ते बघूनच निघायचं. गंमत म्हणजे याच पुरंदर तालुक्यात खराखुरा विमानतळ करायचं घाटतंय. सात गावांच्या जमिनींचा प्रश्न आहे आणि दादांचे सोयरे त्यातल्या एका गावातले आहेत. त्यामुळे ‘विमान’ हा शब्द दादांसमोर जरा जपूनच वापरायचा.

तर मुद्दा इंजिनांचा. आमच्याकडे प्रत्येकजण एका इंजिनाच्या ट्रेनरवर शिकतो. दोनेक वर्षांत हात बसतो आणि मग एके दिवशी डोक्यात ‘ट्विन’चा किडा शिरतो. शिरणारच. ज्या विमानांची चित्रं लहानपणी वहीवर काढलेली असतात त्यातली अर्धी दोन इंजिनांची. मॉस्किटो, पी-३८, डाकोटा. एका इंजिनाच्या विमानासाठी इंजिन निवडणं हा शॉपिंगचा प्रकार आहे. बजेट किती, विमान केवढं, दुकानात काय आहे, संपलं. दोन इंजिनं आली की शॉपिंग संपतं आणि लग्न जमवणं सुरू होतं.

आमच्या माळावर हे लग्न गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं, कारण काकांची डाकोटा पूर्ण झाली.

काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात सीनियर. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभं आयुष्य गेलेलं, वय बहात्तर. बाल्साच्या हलक्या लाकडातून अडीच वर्षं खपून त्यांनी ही डाकोटा उभी केली. बारास एक स्केल. खऱ्या डाकोटाचा पंख ९५ फुटांचा, म्हणजे २९ मीटर. काकांची या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर चाळीस. वजन साडेपाच किलो. खिडक्यांच्या चौकटी, दारावरचे रिव्हेट, सगळं हातानं. पहिल्यांदा माळावर आणली तेव्हा कोणी बोलेचना.

डाकोटाच का, याचं उत्तर नागपुरात आहे. १९४९ साली आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चार दिशांहून विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. एका रात्रीत पत्र देशाच्या या टोकाहून त्या टोकाला! आज मेल दोन सेकंदांत गेला नाही तर आपण वैतागतो. सुरुवातीला हे काम डाकोटांनी केलं. काकांचे वडील नागपुरात टपाल खात्यात होते. ‘आवाजावरून कळायचं म्हणे बाबांना, कुठलं विमान उतरतंय ते,’ काका सांगतात. २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरल्या त्याही डाकोटाच. पण काकांच्या लेखी डाकोटा म्हणजे टपाल.

आता खऱ्या डाकोटाला प्रत्येकी १२०० हॉर्सपॉवरची, चौदा सिलिंडरांची दोन इंजिनं. आमच्या डाकोटाला काय लावायचं? बाभळीखाली लगेच तीन पक्ष झाले.

पहिला पक्ष आमच्या डॉक्टरांचा. त्यांचं म्हणणं, दोन ‘फॉर्टी सिक्स’ लावा. हे आकडे घनइंचांचे असतात. फॉर्टी म्हणजे ०.४० घनइंच, साडेसहा सीसी. फॉर्टी सिक्स म्हणजे साडेसात. बॉल बेअरिंगवाली, तगडी इंजिनं. डॉक्टरांचं लॉजिक सरळ होतं : एक बंद पडलं तर दुसऱ्यानं एकट्यानं विमान घरी आणलं पाहिजे, म्हणून जितकी पॉवर तितकी चांगली.

ऐकायला एकदम पटतं. आणि दोन इंजिनांच्या विमानांत सगळ्यात घातक गैरसमज असेल तर तो हाच. हे मला पुस्तकातून समजलं नव्हतं, ते समजावलं दादांनी. ते चहाची किटली घेऊन आले होते, वाद ऐकत होते. म्हणाले, ‘ताई, गाडीला दोन बैलं. एक बसला. आता दुसऱ्याला चाबूक वढला तर गाडी घरी जाईल व्हय? गोल फिरंल जागच्या जागी.’

फंडा एवढाच आहे, बॉस. इंजिनं पंखावर असतात, मध्यापासून लांब. डावं बंद पडलं की उजवं विमानाला डावीकडे वळवायला बघतं. ते वळणं रोखतं कोण? मागचा उभा सुकाणू, म्हणजे रडर. पण रडरला जोर येतो तो वाऱ्याचा, आणि वाऱ्याचा जोर वेगावर अवलंबून. म्हणजे वेग एका मर्यादेच्या खाली गेला की चालू इंजिन रडरवर मात करतं, विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळतं, कलतं आणि उलटं होऊन जमिनीत. चालू इंजिन जितकं तगडं, तितकी ही मर्यादा वर सरकते. टेकऑफला वेग कमी असतो आणि पॉवर फुल असते. अपघात बहुतेक तिथेच होतात. त्यातही दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरणारे असतील, जसे नेहमीच्या इंजिनांचे असतात, तर डावं इंजिन जाणं हे उजवं जाण्यापेक्षा जास्त वाईट. पी-३८चे पंखे उलटसुलट दिशांनी फिरायचे, त्यामुळे टेकऑफला ती बाजूला ओढायची नाही. मॉस्किटोत तसं नव्हतं, आणि टेकऑफला ती बाजूला ओढायची हे तिच्या वैमानिकांना चांगलंच माहीत होतं.

खऱ्या वैमानिकासमोर निदान घड्याळं असतात. आम्ही जमिनीवर उभे, विमान शंभर-दीडशे मीटरवर. फिरणारा पंखा आणि थांबलेला पंखा इतक्या लांबून सारखेच दिसतात. कुठलं इंजिन गेलं हे ठरवायला एखाद-दोन सेकंदच मिळतात. तेवढ्यात करायचं काय, तर मनाविरुद्धची गोष्ट. पॉवर वाढवायची नाही, कमी करायची. नाक खाली, वेग राखायचा, वळायचंच असेल तर शक्यतो चालू इंजिनाच्या बाजूला, आणि समोर दिसेल तिथे उतरायचं.

डॉक्टरांचा पक्ष त्या दिवशी फुटला. डॉक्टर स्वतःच दादांच्या बाजूला गेले.

दुसरा पक्ष इलेक्ट्रिकवाल्यांचा, आणि त्यात मी होते. हिशेब सोपा आहे. डाकोटासारख्या सावकाश उडणाऱ्या विमानाला किलोमागे दोनशे वॉट भरपूर झाले. साडेपाच किलोला अकराशे वॉट, म्हणजे प्रत्येक मोटरला साडेपाचशे. सहा सेलची लिथियम बॅटरी, साधारण बावीस व्होल्ट, प्रत्येक मोटर पंचवीस अँपिअर खाणार. पाच हजार मिलीअँपिअर-अवरची बॅटरी फुल थ्रॉटलला सहा मिनिटं पुरते, पण फुल थ्रॉटलवर कोणी अख्खं फ्लाइट काढत नाही. आरामात उडवलं तर दहाच्या आसपास. ब्रशलेस मोटर कधी मधेच ‘मूड नाही’ म्हणत नाही. दोन्ही मोटर एकाच बॅटरीवर, एकाच सिग्नलवर, त्यामुळे चाल सारखी. पंखा उलट दिशेनं फिरवायचा तर मोटरच्या तीन वायरींतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करा आणि उलट्या पिळाचा पंखा लावा, झाली पी-३८! मी हे सगळं काकांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘डाकोटाचे दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरायचे.’ विषय संपला.

मधेच कोणीतरी फोर-स्ट्रोकचा विषय काढला. सायटोसारख्या जपानी कंपन्यांची छोटी फोर-स्ट्रोक इंजिनं म्हणजे दागिनेच असतात. मोठा पंखा हळू फिरवतात, आयडलिंग झकास, आवाज खऱ्या विमानाच्या जवळचा. पण किंमत विचारली आणि ती दोनानं गुणली की चहा कडू लागतो. शिवाय व्हॉल्व्हचं सेटिंग दोन इंजिनांत सारखं राखायचं. तो पक्ष चहाबरोबरच संपला.

तिसऱ्या पक्षात एकटे काका. त्यांच्या कपाटात नव्वदच्या दशकात घेतलेली दोन जपानी फॉर्टी होती. टू-स्ट्रोक, साधी बुशवाली, बॉल बेअरिंग नसलेली. दोन्ही एकाच वेळी, एकाच दुकानातून घेतलेली, दोन्हीही जेमतेम वापरलेली. पॉवर साधारण एकेक हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबानं बिचारीच. काका म्हणाले, बिचारीच बरी.

यात तथ्य होतं, हे मी इलेक्ट्रिकवाली असूनही कबूल करते. खऱ्या डाकोटाचा पंखा साडेअकरा फुटांचा, बारास एक म्हणजे साडेअकरा इंच. या इंजिनांना अकरा इंची पंखा छान चालतो. म्हणजे दिसायलाही बरोबर, आणि मोठ्या पंख्यावर इंजिन उगाच किंचाळत नाही. पॉवर कमी, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं विमानाला उलटं करण्याइतकं माजलेलं नाही.

तरी मी हट्ट सोडला नव्हता. इलेक्ट्रिक जास्त सेफ आहे हे काकांनाही मान्य होतं. मग अडतंय कुठे? ते शेवटी काकूंनी सांगितलं, फोनवर. काकांना काचबिंदू आहे. काचबिंदूत नजर कडेनं आत आत येत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. औषधांनी फक्त पुढचं जाणं लांबवता येतं. दीड वर्षापूर्वीच काकांनी उडवणं बंद केलं होतं, आम्हाला सांगताना ‘हात थरथरतो’ म्हणाले होते. डाकोटा ते बांधत होते ती दुसऱ्या कोणीतरी उडवावी म्हणून. ते दुसरं कोणीतरी म्हणजे मी, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, ‘अगं, पन्नास मीटरच्या पुढे मला ते दिसणार नाही. शोधत बसावं लागतं, तोवर ते पुढे गेलेलं असतं. पण ऐकू येईल ना. तुझं ते इलेक्ट्रिक गेलं लांब, की माझ्यासाठी गेलंच.’

मग काय बोलणार? सर्जा-राजा ठरले. नावं दादांनी ठेवली. उजवं सर्जा, डावं राजा.

आता खरं काम. जोडी जुळवणं. दादांच्या शब्दांत, ‘दोन्ही सारख्या चालीची पायजेत. एक तेज असला की जू तिरकं.’ तीस वर्षं कपाटात राहिलेल्या इंजिनांत एरंडेल तेल सुकून चिकट गोंद झाला होता. हो, एरंडेलच. आमच्या या ग्लो इंजिनांचं इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात पाचवा हिस्सा एरंडेल. लहानपणी आजीनं चमचा घेऊन पाठलाग केला असेल तर धुराच्या वासानं तुमचं पोट आपोआप ढवळेल. मिथेनॉल मात्र जपून. विषारी आहे आणि उन्हात त्याची ज्वाळा दिसतसुद्धा नाही. या इंजिनांना ठिणगी लागत नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीनं तापवायची. नंतर मिथेनॉल आणि प्लॅटिनमची अशी केमिस्ट्री जमते की बॅटरी काढली तरी तार लालच राहते. काकांनी हेअर ड्रायरनं इंजिनं गरम करून, धुऊन, मोकळी केली. प्लग एकाच प्रकारचे, एकाच दिवशी नवे. टाक्या सारख्या, सारख्या उंचीवर. पंखे वजन करून जुळवलेले. आणि इंजिनं बसवताना दोघांची तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला, दोन-तीन अंश. एक बंद पडलं तर दुसऱ्याची ओढ विमानाच्या मध्याजवळून जावी म्हणून.

थ्रॉटलला मी दोन वेगळे सर्व्हो लावायला लावले, प्रत्येकाचं सेटिंग ट्रान्समीटरवर वेगळं. एका वायरीची दोन तोंडं करून भागतं, पण मग जुळवाजुळव लोखंडी काडी वाकवून करावी लागते.

ट्यूनिंगचा कार्यक्रम दोन रविवार चालला. माळाची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के पॉवर जाते. मुंबईहून येणारा आमचा एक मित्र तिथे समुद्रसपाटीला सेट केलेलं इंजिन इथे आणतो आणि ते धूर ओकत रडत बसतं, कारण हवा कमी आणि इंधन तेवढंच. निडल थोडी बंद करावी लागते. डिसेंबरच्या गार सकाळी हवा परत दाट, की निडल थोडी उघडा. प्रत्येक इंजिन एकेकटं आधी टॉपला न्यायचं, मग मुद्दाम तीन-चारशे आरपीएम खाली आणायचं, जरा जास्त इंधन पीत राहील असं. टॉपला सेट केलेलं इंजिन नाक वर केलं की उपाशी पडतं आणि बंद होतं. मग विमान धरून नाक आभाळाकडे, फुल थ्रॉटल, दहा सेकंद. दोन माणसांनी घट्ट धरलेलं, बाकी सगळे पंख्यांच्या मागे. सर्जा पहिल्या फटक्यात पास. राजाला निडलचे तीन खटके जास्त लागले.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी तुम्ही एकदा तरी या माळावर यायला हवं. दोन इंजिनं जवळपास सारख्या वेगानं चालतात तेव्हा त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून लाट येते. वॉव... वॉव... वॉव... एकाचा वेग दहा हजार पाचशे, दुसऱ्याचा दहा हजार सहाशे वीस, तर सेकंदाला बरोबर दोन लाटा. फरक साठचा असेल तर एक. फरक कमी होत जातो तशी लाट लांब होत जाते, आणि अगदी जुळलं की नुसता एक सलग सूर उरतो. आमचा स्वस्तातला टॅकोमीटर शंभराच्या पटीतच बोलतो. काका डोळे मिटून उभे होते. ‘राजाला अर्धा खटका बंद. बास. नाही, परत थोडं उघड.’ टॅकोचा आकडा हलतसुद्धा नव्हता आणि लाट लांब, लांब होत विरली. तंबोरा लावणारी माणसं अशीच लावत असणार.

जानेवारीतल्या रविवारी, वारा नसताना, साडेसातला डाकोटा उडाली. थ्रॉटल हळू हळू पुढे, शेपूट उचलली, भरपूर वेग येईपर्यंत जमिनीवरच पळवली आणि मग अगदी सपाट चढ. टेकऑफनंतर नाक वर करून शायनिंग मारायचा मोह होतो, तो ट्विनमध्ये आवरायचा. कोवळ्या उन्हात चंदेरी पंख, मागे पुरंदर. डॉक्टर व्हिडिओ काढत होते. काका भलतीकडेच बघत होते, पण मान बरोबर विमानाबरोबर वळत होती.

दोन फ्लाइट्स मस्त झाल्या. तिसऱ्यात सहाव्या मिनिटाला, ऐंशीएक मीटर उंचीवर, विमान आमच्यापासून लांब जात असताना मला काहीच वेगळं वाटलं नाही. काका ओरडले, ‘एक गेलं! थ्रॉटल!’

त्यांनी ‘एक’ म्हटलं, ‘डावं’ नाही. आवाजावरून गेलं एवढं कळतं, कुठलं ते कळत नाही. ते मला बघायचं होतं. थ्रॉटल अर्ध्यावर आणेपर्यंत नाक डावीकडे सरकताना दिसलं. म्हणजे राजा. नाक खाली, रडर उजवीकडे, आणि उजवीकडूनच एक मोठं, आळशी वळण. पट्टी गाठता येणार नव्हती. अलीकडच्या वाळलेल्या गवतात तिला बसवलं. मागचं चाक वाकलं, एका पंख्याचं टोक गेलं. बाकी सगळं शाबूत. माझे गुडघे मात्र पाच मिनिटं लटपटत होते. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘फॉर्टी सिक्स असतं तर?’ कोणीच उत्तर दिलं नाही.

बाभळीखाली राजाची टाकी उघडली. आतल्या सिलिकॉनच्या नळीला मध्यावर सुईच्या अग्राएवढं भोक पडलं होतं. टाकी भरलेली असेपर्यंत भोक इंधनात बुडालेलं, म्हणून सगळ्या टेस्ट पास. टाकी निम्मी झाली की भोक उघडं पडतं, इंजिन इंधनाबरोबर हवा ओढतं आणि उपाशी मरतं. इंजिनाचा दोष शून्य. दोन रुपयांची नळी.

तुम्ही पहिलंवहिलं ट्विन घेणार असाल तर मी आजही इलेक्ट्रिकच सांगेन. फोमचं छोटं विमान, दोन ब्रशलेस मोटर, सुखानं उडवा. ग्लोच्या भानगडीत पडायचंच असेल तर सारखी दोन घ्या, लहान घ्या, आणि ज्याच्याकडून शिकणार त्याचे कान कसे आहेत ते आधी बघा. माळावर वारा साडेनऊला सुटतो, त्याआधी सगळं उरकतं. मग सासवडला मिसळ, आणि घाट उतरून बाराच्या आत घरी, आईच्या आठ्यांसाठी वेळेत.

काकांनी त्याच आठवड्यात दोन्ही टाक्यांच्या सगळ्या नळ्या बदलल्या, सर्जाच्यासुद्धा. पुढच्या रविवारी दादा किटली घेऊन आले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘बसल्याला बैल उठला का?’

‘उठला,’ काका म्हणाले. ‘दोघांचंही दाणापाणी बदललंय.’